आधी ब्रेक, मग इंजिन

आज एका प्रश्नावर आपण थोडा वेळ एकत्र विचार करू या. एखाद्या जुन्या वस्तूचे भाग वर्षानुवर्षे एकेक करून बदलत गेले, तर शेवटी उरते ती वस्तू तीच असते का? आणि केलेला प्रत्येक बदल ही सुधारणाच असते का? पहिला प्रश्न विद्वानांचा वाटतो. दुसरा मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. मला हे दोन्ही प्रश्न एका जुन्या गाडीने शिकवले, आणि दुसऱ्या प्रश्नाची किंमत माझ्या आईला मोजावी लागली. म्हणून ही हकिगत आपल्यासमोर ठेवतो.

मी जबलपूरच्या अधारताल भागात राहतो. आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने या शहरात आली आणि इथलीच झाली. माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत कामाला होते. १९०४ साली सुरू झालेला हा कारखाना आणि १९६९ साली उभी राहिलेली व्हेइकल फॅक्टरी, या दोन्हींनी आमच्या शहराला हाताने काम करणारी माणसे दिली. इथल्या गल्लीबोळात लेथवर काम करणारा, वेल्डिंग करणारा, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा कारागीर आजही भेटतो.

याच शहरात ‘जोंगा’ नावाची गाडी तयार होत असे. जपानच्या निसान कंपनीच्या एका गाडीच्या रचनेवर, परवाना घेऊन ती बनवली जाई. तिचे नावदेखील जबलपूरचेच आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांतून ते घडले. जवळपास चार लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेल्या या गाडीने कित्येक दशके भारतीय सेनेची सेवा केली. कुठे ती रुग्णवाहिका झाली, कुठे तिच्यावर तोफ बसवली गेली. १९९९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. सेनेच्या लिलावातून अनेक जोंगा सामान्य लोकांकडे आल्या. २०१९ साली महेंद्रसिंह धोनी रांचीत अशी गाडी चालवताना दिसला, तेव्हा नव्या पिढीलाही तिचे नाव कळले.

माझ्याकडे जोंगा आली ती अशीच, लिलावातून दोन हात फिरून. पत्रा गंजलेला होता, गाद्या फाटलेल्या होत्या, इंजिन धूर टाकत होते. वडिलांच्या हाताखालून अशा गाड्या गेल्या होत्या, या एका भावनेपोटी मी ती घेतली. मग सुरू झाली वीस वर्षांची खटपट. आधी गंज काढून रंग दिला. पेट्रोल पाण्यासारखे पिणारे इंजिन परवडेना, म्हणून रीतसर परवानगी घेऊन आणि नोंदणी पुस्तकात नोंद करून डिझेल इंजिन बसवले. पुढे त्याला टर्बो जोडला. पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, रुंद टायर आले, नवे दिवे आले, पॉवर स्टिअरिंग आले. दर दिवाळीला गाडीत काहीतरी नवे असे. मूळ गाडीतले काय उरले, असे कोणी विचारले तर मी चासी दाखवत असे.

येथे आपला पहिला प्रश्न येतो. ही गाडी तीच का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला असाच प्रश्न विचारतात. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतात, या रथाचा दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी राजालाच उमगते की हे सारे भाग जुळून आले म्हणजे त्या जुळणीला ‘रथ’ हे नाव मिळते. ग्रीक लोकांनीही थिसियसच्या जहाजाबद्दल असाच वाद घातला होता. जहाजाची एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का?

आमच्या भागाला ज्याच्यावरून नाव पडले तो तलावच पाहा. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाने तो ओळखला जातो. राणीला वीरमरण आले ते १५६४ साली. तेव्हापासून किती पावसाळे झाले! तलावातले पाणी दरवर्षी नवे, तरी तलाव तोच. कारण पाणी बदलले तरी पाळ टिकून आहे. पाळ फुटली तर तेच पाणी एका रात्रीत वाहून जाईल आणि तलाव उरणार नाही. हे उदाहरण आपण लक्षात ठेवावे. पुढे ते कामास येईल.

आता दुसरा प्रश्न. माझ्या गाडीत एवढे बदल झाले, त्या सर्व सुधारणा होत्या का?

अधारतालात एक वयस्क मिस्त्री आहेत. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. टर्बो बसवला त्या दिवशी ते म्हणाले, “भैया, पहले ब्रेक करा लो.” मी हसून मान हलवली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा सांगितले. तिसऱ्या वर्षी त्यांनी सांगणे सोडून दिले. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. मूळ इंजिनासाठी, मूळ वेगासाठी ते पुरेसे होते. कारखान्याने गाडीची शक्ती आणि तिचे थांबणे यांचा मेळ घातलेला होता. तो मेळ मी मोडला होता. ब्रेकसाठी पैसे नव्हते असे नाही. त्याच वर्षी मी दिवे आणि टायर घेतले. खरे कारण असे की ब्रेक कोणाला दिसत नाहीत. चौकात गाडी उभी राहिली की लोक टायर पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. ब्रेक पाहायला कोणी वाकत नाही.

काही वर्षांपूर्वी नागपूरला एका मुंजीसाठी आम्ही निघालो. मागे आई आणि पत्नी बसल्या होत्या. सिवनी सोडल्यावर कुरईचा घाट लागतो. सातपुड्याच्या पठारावरून रस्ता खाली उतरतो. तेव्हा तिथला रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. गाडी जोरात होती आणि मी खुशीत होतो. उतारावर वरच्या गिअरमध्येच ब्रेक दाबत दाबत चाललो होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर जळका वास आला. त्यापुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ लागले आणि तळापर्यंत गेले. गाडी थांबेना.

गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला मातीच्या ढिगात घातली. आम्ही वाचलो. आईचा उजवा हात मनगटात मोडला. रस्त्याच्या कडेला बसून ती एवढेच म्हणाली, “पळते चांगली रे. थांबत नाही.” तिचा हात पुढे जुळला, पण पोळी लाटताना आजही दुखतो. ती तक्रार करत नाही. मला मात्र ते रोज दिसते.

नंतर मिस्त्रींनी मला ब्रेकचे गणित समजावले. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, आतल्या लायनिंगची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात ओलावा शिरलेला असतो. ते लवकर उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ पडते. म्हणजे शक्ती थोडी वाढली तरी संयम कितीतरी अधिक वाढवावा लागतो. तेवढाच ठेवला तरी तो पुरत नाही.

बंधू-भगिनींनो, हे गणित केवळ गाडीचे आहे का? आपल्या जीवनाकडे पाहा. पगार वाढला, पद वाढले, ओळखी वाढल्या, हातात मोबाइल आला, शब्द क्षणात हजार लोकांपर्यंत पोहोचू लागला. हे सारे इंजिन झाले. त्या प्रमाणात बोलण्यावरचा ताबा वाढला का? खर्चावरचा, रागावरचा ताबा वाढला का? कठोपनिषदात यमराज नचिकेत्याला रथाचा दृष्टान्त देतात. शरीर हा रथ, आत्मा त्यातील स्वामी, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. तिथे घोडे अधिक वेगवान करा असे सांगितलेले नाही. लगाम ज्याच्या हातात आहे तो मुक्कामी पोहोचतो, असे सांगितले आहे.

याहून अवघड गोष्ट मला माझ्याच साधनेविषयी कबूल करावी लागते. त्या वर्षांत माझा जप वाढला होता. उपवास वाढले होते. सत्संगात मी बोलायला उभा राहू लागलो होतो आणि लोक ऐकत होते. पण घरी चहाला उशीर झाला तर माझा आवाज चढत असे. पत्नीने ब्रेकची आठवण दोनदा केली होती. दोन्ही वेळा मी तिला गप्प केले होते. साधनेतही मी दिसणारे भाग बदलत होतो आणि न दिसणारे तसेच ठेवत होतो. व्रते, पाठ, ज्ञान यांनीही शक्ती येते. त्या शक्तीला नम्रतेचा ब्रेक नसेल, तर ती मागच्या आसनावर बसलेल्या आपल्याच माणसांना इजा करते. समोरच्या श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक जण म्हणतो, “माझा स्वभावच असा आहे. जन्मापासून मी असाच.” त्याला मूळ रूप प्रिय आहे. मूळ रूपाचा मान कायदाही राखतो. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची त्यात वेगळी नोंद होते. पण अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नसतात, त्या प्रदर्शनासाठी आणि ठेव्यासाठी असतात. आपल्याला तर रोज माणसे घेऊन चालायचे आहे. ज्या गाडीत कोणी बसणार आहे, तिचा दोष ‘मूळचाच आहे’ म्हणून ठेवता येत नाही.

दुसरा म्हणतो, “बदल म्हणजेच प्रगती. जे नवे ते घ्यावे.” मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार वाहनात मनास येईल तसा मूलभूत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केले. कारण एकच. गाडी रस्त्यावर एकटी नसते. आपला स्वभावही एकट्याचा नसतो. त्याचे परिणाम घरच्यांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना भोगावे लागतात. म्हणून बदल करताना चासी कोणती, हे आधी ठरवावे. सत्य, करुणा, कष्टाची कमाई, ही ज्याची चासी आहे त्याने बाकीचे भाग अवश्य बदलावेत. तो तोच राहील.

कोणी मला म्हणाले, “ही आसक्ती आहे, गाडी विकून टाका.” मी विचार केला. भंगारात जाणारी वस्तू जपणे, वडिलांच्या पिढीच्या हातचे काम चालते ठेवणे, यात दोष नाही. दोष माझ्या क्रमात होता आणि ज्यांच्यासाठी मी ते करत होतो त्या प्रेक्षकांत होता. म्हणून गाडी ठेवली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, नळ्या नव्या घातल्या. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतो. टर्बो काढून टाकला. लोकांना गाडी आता पूर्वीपेक्षा साधी वाटते. आई मात्र पुन्हा तिच्यात बसते.

आपणही आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात माझ्यात कोणती शक्ती वाढली? ती आवरण्याचे सामर्थ्य तेवढे वाढले का? आणि मी करत असलेली सुधारणा कोणी पाहणार नसेल, तरी मी ती करीन का? उत्तर घरच्या माणसांना विचारले तर अधिक चांगले. मागच्या आसनावर बसणाऱ्याला गाडी कशी थांबते, हे चालवणाऱ्यापेक्षा जास्त कळते.

मग एक छोटा संकल्प करा. नवे काही स्वीकारण्यापूर्वी जुने काहीतरी आवरायला शिकेन. नवा पाठ सुरू करण्यापूर्वी एक कटू शब्द रोज गिळेन. नवी जबाबदारी घेण्यापूर्वी राग आला की पाण्याचा एक पेला पिईन आणि मगच बोलेन. हे कोणाला दिसणार नाही, त्याचे कौतुकही होणार नाही. अधारतालाची पाळसुद्धा कोणी पाहायला येत नाही, लोक पाणी पाहायला येतात. पण पाणी आहे ते पाळीमुळेच.