परिचारिका आणि मरणाचा कायदा

दुखणें असह्य झालें असतां रोग्याच्या मागणीवरून त्यास वैद्यकीय साहाय्यानें मरण देण्याची मुभा कांहीं देशांच्या कायद्यांनीं दिली आहे. या प्रश्नाचा ऊहापोह होतांना रोगी व डॉक्टर या दोघांचाच विचार होतो. रात्रभर खाटेपाशीं जागणारी परिचारिका विसरली जाते. आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुली हें काम करितात. म्हणून तिच्या बाजूनें आम्ही चार शब्द लिहितों.

कॅनडा देशानें सन २०१६ मध्यें असा कायदा केला. तेथें डॉक्टरांप्रमाणेंच विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांसही प्राणांतक औषध देण्याचा अधिकार आहे. सन २०२१ मध्यें, मरण जवळ आलेलें असावें ही अटही काढण्यांत आली. या कामाची कोणावर सक्ती नाहीं, हें मात्र कायद्यांत स्पष्ट आहे.

मग परिचारिकेस अडचण ती कोणती, असें कोणी विचारील. अडचण ही कीं, नकार देण्याचा हक्क असला, तरी ऐकण्याचें काम तिला टाळतां येत नाहीं. "सिस्टर, आतां मला यांतून सोडवा," असें रोगी मध्यरात्रीं म्हणतो. या शब्दांत कधीं वेदना असते, कधीं एकटेपण, कधीं घरच्यांवर भार झाल्याची लाज. आजवर ती त्याची कूस बदलून देई, डॉक्टरांस बोलावी, हात धरून बसे. असा कायदा झाल्यावर तेंच वाक्य मरणाची मागणी ठरूं शकतें. आणि तें काय समजावें, हें प्रथम तिलाच ठरवावें लागतें.

आपल्याकडेही परिचारिकांस या प्रश्नावर बोलावें लागलें आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर सन १९७३ मध्यें तेथेंच अमानुष हल्ला झाला. सन २०१५ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्या भान हरपलेल्या स्थितींत होत्या. त्यांचें अन्न थांबवावें, या अर्जास त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीं विरोध केला, व सन २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो अर्ज फेटाळला. भारतांत आज निष्फळ उपचार नियमांनुसार थांबवितां येतात; मरण देतां येत नाहीं.

परंतु अरुणाबाईंस स्वतः कांहींच मागतां येत नव्हतें. म्हणून जो शुद्धीवर राहून मागतो, त्याचा प्रश्न या निकालानें सुटत नाहीं. ज्याच्या वेदना कोणत्याही औषधानें शमत नाहींत, त्याच्यासाठीं कायदा मागणाऱ्यांस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, असा कायदा करूं पाहणाऱ्यांनीं आधीं वेदनाशामक औषध व शुश्रूषेस पुरेशीं माणसें द्यावीं. एकाच परिचारिकेच्या माथीं चाळीस खाटा असल्या, तर मरण मागणारा तें खरोखर इच्छितो, कीं आपली हाक कोणी ऐकत नाहीं म्हणून मागतो, हें तिनें कसें ओळखावें?