पाणी ओसरल्यावरचा धीर

धीर संकटाच्या क्षणी लागतो, असे आपण सहज धरून चालतो. परंतु वादळाच्या ऐन घडीला धीर धरायला माणसाला सवडच कोठे असते? तेव्हा पोरांना पोटाशी घेऊन भिंतीच्या कडेला बसायचे, गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायची, एवढेच सुचते आणि तेवढे पुरेसेही असते. धीराची गाठ पडते ती वारा पडल्यावर. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तास थैमान घालून पुढे सरकले, आणि मागे राहिले ते कौले उडालेले घर, आडवे झालेले विजेचे खांब, आठवडेच्या आठवडे न आलेली वीज, बंद पडलेले फोन, आणि टाळेबंदीमुळे गावी येऊ न शकणारा मुंबईचा मुलगा. तोंडावर आलेला पावसाळा कोणासाठी थांबणार नव्हता. धीर या शब्दाचा अर्थ या दिवसांत उलगडू लागतो, म्हणून आपण त्याच्याकडे येथूनच पाहू.

त्या किनाऱ्यावरची वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे एकटे झाड कोणतेच नसते. वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीच्या खोडावर चढलेला मिरीचा वेल, मधल्या जागेत जायफळ, अशी एकमेकांच्या आधाराने वाढलेली ती कुटुंबेच असतात, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव या वाड्यांनीच राखले आहे. वाऱ्याने नारळ उन्मळला की तो सुपारीवर पडतो, सुपारी जाताना वेल घेऊन जाते, आणि जे झाड वाचते त्याच्या डोक्यावरची सावली गेल्यामुळे तेही उन्हाने भाजू लागते. अशी वाडी पुन्हा उभी करायची म्हणजे आधी एकमेकांत अडकून पडलेली खोडे तोडून बाहेर काढायची, कारण आत पाऊल टाकायलाही वाट नसते. मग केळी लावायची, कारण सुपारीच्या कोवळ्या रोपाला सावली लागते आणि ती देणारा नारळ आता राहिलेला नाही. केळी वाढली की तिच्या आडोशाला सुपारीची रोपे घालायची, आणि त्यांना फळ धरायला सहा-सात वर्षे जाऊ द्यायची. हे करणारे हात पुष्कळदा सत्तरीच्या घरातले असतात. सरकारने तेव्हा फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली, ही वाढ खरीच होती. पण कोकणातली वाडी गुंठ्यांनी मोजली जाते, आणि हेक्टरात सुमारे शंभर गुंठे बसतात हे ध्यानात घेतले म्हणजे गुंठ्यामागे पाचशेच्या आसपास रुपये हाती येतात. मदतीने रोप विकत घेता येते, सात वर्षे मात्र कोणी देऊ शकत नाही. ती स्वतःच्या आयुष्यातून काढून द्यावी लागतात. आपण चाखू याची खात्री नसलेल्या फळासाठी आज सकाळी खड्डा खणणे, हा मला धीराचा पहिला थर वाटतो.

मात्र येथे थांबलो तर धीर म्हणजे वाट पाहणे, असा समज पक्का होईल, आणि तो अपुरा आहे.

चिपळूणने याची दुसरी बाजू दाखवली. २२ जुलै २०२१ च्या पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले, बाजारपेठेचे तळमजले बुडाले, आणि पाणी ओसरले तेव्हा दुकानांतून, देवघरांतून, दवाखान्यांतून गाळ भरून राहिला होता. ज्याने पुराचा गाळ काढला आहे तो सांगेल की तो ओला आहे तोवरच निघतो. एकदा सुकला की फरशीला, दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राच्या चाकाला असा धरून बसतो की मग धुण्याऐवजी खरवडावे लागते, आणि खरवडताना वस्तूच जाते. म्हणून ज्या माणसाने रात्रभर माळ्यावर जागून काढलेली असते, त्यालाच सकाळी फावडे हातात घ्यावे लागते. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ साली स्थापन झालेले ग्रंथालय. २००५ च्या पुराने त्याची हानी केली होतीच, २०२१ मध्ये पाणी पुन्हा ग्रंथांपर्यंत पोचले. भिजलेले पुस्तक तर गाळाहूनही कमी मुदत देते, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात. कोणते वाचेल आणि कोणते सोडून द्यायचे, हा निर्णय तिथे ताबडतोब घ्यावा लागतो, आणि तो घेताना मन घट्ट करावे लागते. सुपारीसाठी सात वर्षे थांबणारा धीर आणि गाळासाठी एक तासही न थांबणारा धीर एकच आहे. कोणत्या कामाला किती काळ लागतो हे ओळखून त्या त्या कामाला त्याचा काळ देणे, एवढी समज त्याच्या पोटात असते. म्हणून धीराचा संबंध मी सहनशीलतेपेक्षा विवेकाशी अधिक जवळचा मानतो.

आता जरा आत शिरू. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, बाल्य-तारुण्य-वार्धक्य जसे देहाला येते तसाच देहांतरही, हे सांगताना भगवंत म्हणतात की धीर पुरुषाला तेथे मोह होत नाही. त्याच्या थोडे आधी, पंडित शोक करत नाहीत, असेही आले आहे, आणि आपण बहुतेक तेवढेच लक्षात ठेवतो; धीराच्या ठिकाणी मात्र नाकारला आहे तो मोह. मोह म्हणजे भान जाणे, काय खरे आणि आता काय करायचे हे न दिसणे. घराच्या चौथऱ्यावर बसून जी बाई हंबरडा फोडते आणि तासाभराने डोळे पुसून नळावर रांगेत उभी राहते, तिचा धीर सुटला असे म्हणणारे आपण कोण? आपल्या साहित्यशास्त्राने नायकांचे चार प्रकार सांगितले, धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत; चौघांचे स्वभाव भिन्न, कोणी गंभीर, कोणी रसिक, कोणी शांत, कोणी तापट, परंतु धीर चौघांच्याही नावात पहिला आहे. पुरानंतरच्या गावातही असेच असते. एक जण बोलत सुटतो, एक मुका होतो, एक तलाठ्याशी भांडतो, एक हसून चहा विचारतो, आणि यांपैकी धीराचा कोण हे चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. मुक्या माणसाकडे मात्र शेजाऱ्याने अधिक लक्ष ठेवावे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्याचे मौन हे धैर्य आहे की खचणे, हे जवळ बसल्यावाचून कळत नाही, आणि खचणे असेल तर डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये.

जवळ बसणे म्हटले, कारण धीर ही दिल्याने वाढणारी वस्तू आहे. मराठीत आपण धीर धरतो आणि धीर देतोही, पण देण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. अशा ठिकाणी गाडीतून उतरून ‘धीर धरा’ म्हणणे सोपे आणि निरर्थकही. जे पिण्याचे पाणी, झाडू, फावडी, कोरडे कपडे घेऊन चिपळूण-महाडला आले आणि अनोळखी घरांतला चिखल उपसू लागले, त्यांनी तो शब्द उच्चारलाही नसेल. त्यांच्या पाठीकडे पाहून घरच्या माणसाने पदर खोचला असेल, एवढे मात्र निश्चित.

श्रद्धाळू मनाला येथे एक शंका छळते. जे झाले ते ईश्वरेच्छा म्हणून स्वीकारणे हाच धीर असेल, तर मग तक्रार, मागणी, आंदोलन हा अधीरपणा ठरतो काय? समर्थांनी दासबोध सांगितला ती शिवथरघळ याच महाड तालुक्यात आहे, आणि भक्तीसोबत यत्नाचा आग्रह धरणारा तो ग्रंथ या शंकेला थारा देत नाही. चिपळूणच्या नागरिकांनी २०२१ च्या डिसेंबरात वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण मांडले, दिवसामागून दिवस माणसे बदलत बसली, पण जागा रिकामी सोडली नाही, आणि पुढे नदीतला गाळ निघू लागला. घर झोडपणारा पाऊस ईश्वराचा म्हणू, पण नदीच्या पात्रात साचू दिलेला गाळ आणि पूररेषेच्या आत चढवलेली बांधकामे आपली आहेत, आणि आपले ते आपण निस्तरावे, हे सांगत राहणेही धीराचेच काम आहे. अधीर माणूस एकदा ओरडून घरी जातो.

निसर्ग वादळानंतर ८० दिवसांनी गणेश चतुर्थी आली, चिपळूणच्या पुरानंतर सात आठवड्यांनी. कोकणातल्या घरांनी ताडपत्रीखाली गणपती बसवला, ओलीच्या रेषा अजून भिंतीवर असताना मखर मांडले. ज्या देवाने हे होऊ दिले त्याचीच पूजा कशी, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आतल्याला तो पडत नाही असे नाही, पण आरतीच्या वेळी सारे घर एका ओळीत उभे राहते, मोजून सारे आहेत हे पाहता येते, आणि तेवढ्याने धीराला पुढचे वर्षभर पुरेल इतके बळ मिळते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे आप्त, स्नेही, माहेर-सासर अशा गावांत आहे. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात सगळे जातात, आणि जावेही. आपण सहाव्या महिन्यात जा, जेव्हा मदतीची वाहने थांबलेली असतात, पंचनाम्याची कागदे कोठे तरी पडून असतात आणि केळीची पहिली पाने उलगडत असतात. दोन दिवस राहा, वाडीत हात लावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा.