चित्रपटगृहाचा जीर्णोद्धार आणि मूल्याचा प्रश्न

जी वास्तू स्वतःचा खर्च भागवू शकत नाही ती टिकवावी का, आणि टिकवायची तर कोणाच्या पैशाने, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. बंद पडलेले एकपडदा चित्रपटगृह पुन्हा सुरू करताना तो अगदी रोकड्या रूपात समोर येतो.

अशा चित्रपटगृहाचा हिशेब मुळातच अवघड असतो. प्रेक्षक पन्नास असोत की पाचशे, वीज, वातानुकूलन, पगार आणि मालमत्ता कर यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. मल्टिप्लेक्समध्ये न चालणारा चित्रपट लहान सभागृहात हलवता येतो. एकाच पडद्यावर तो आपटला, की आठवडाभर सगळ्या खुर्च्या रिकाम्या राहतात. २००९ साली निर्मात्यांशी वाद झाल्यावर मल्टिप्लेक्सवाल्यांनी एकजुटीने पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा ठरवून घेतला. एकट्या मालकाजवळ घासाघीस करण्याचे तेवढे बळ नसते. त्याची भिस्त मध्यंतरातल्या चहा-समोशांवर राहते. सर्वांत मोठा खर्च मात्र वहीत दिसतच नाही. तो म्हणजे पायाखालच्या जमिनीची किंमत. शहर वाढते तशी ती वाढते आणि तिथे खेळ चालू ठेवणे हाच तोटा ठरू लागतो.

मुंबईच्या चर्चगेटसमोरील ‘इरॉस’ १९३८ साली उघडले. बाहेर आग्र्याचा तांबडा दगड, आत काळा-पांढरा संगमरवर आणि सुमारे बाराशे आसने, असा त्याचा थाट होता. २०१७ मध्ये ते बंद झाले आणि २०२४ मध्ये एका मोठ्या चित्रपटगृह-साखळीने तिथे सुमारे तीनशे आसनांचा आयमॅक्स पडदा सुरू केला. दर्शनी भाग वाचला, पडदाही पुन्हा उजळला. आसने मात्र पावपट उरली. मग नेमके काय वाचले?

मंदिरांच्या जीर्णोद्धाराचा आगमांमधला विधी इथे उपयोगी पडतो. दुरुस्तीपूर्वी मूर्तीतले दैवी तत्त्व कलशात उतरवून घेतात, तात्पुरत्या बालालयात त्याची पूजा चालू ठेवतात आणि काम झाल्यावर त्याची पुन्हा प्रतिष्ठापना करतात. दगड बदलला तरी चालते, तत्त्व हरवता कामा नये, ही त्यामागची धारणा. चित्रपटगृहाचे तत्त्व भिंतींत नाही, एकत्र येण्यात आहे. पुढच्या रांगेतला हमाल आणि बाल्कनीतला वकील एकाच क्षणी, एकाच अंधारात हसतात, हे त्याचे खरे कार्य.

या कार्याची पूर्ण किंमत तिकीटबारीवर वसूल होत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये निसर्गरक्षणाविषयी लिहिताना दाखवले, की एखादी गोष्ट प्रत्यक्ष न वापरणाऱ्यालाही तिच्या नुसत्या असण्याचे मोल वाटते. जुन्या चित्रपटगृहालाही हे लागू पडते. ते पाडल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात, पण त्यांतले बरेचसे गेल्या वर्षभरात तिथे फिरकलेले नसतात. त्यांची हळहळ खोटी नसते. पण तिचा सगळा भार एकट्या मालकाने सोसावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

गांधीजींचा विश्वस्ततेचा विचार मालकाला संपत्तीचा राखणदार मानतो. तो विचार दोन्ही बाजूंना बांधतो. मालकाने वास्तूकडे केवळ जमीन म्हणून पाहू नये. समाजानेही करसवलत, जतन-निधी किंवा सहकारी भागभांडवल या रूपांत आपला वाटा उचलावा. दवाखाने अपुरे असताना चित्रपटगृहाला सार्वजनिक पैसा का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मदतीला अट हवी: पुढच्या रांगांचे दर सामान्यांच्या आवाक्यात राहावेत, स्थानिक भाषेतल्या चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात आणि सभागृह शाळा-संस्थांना वापरता यावे. व्यवसायाचा नफा-तोटा मालकाचा, सर्वांसाठी राखलेल्या भागाचा खर्च सर्वांचा, अशी वाटणी न्याय्य ठरते. जिथे हे तत्त्व टिकवण्याची तयारीच नाही, तिथे नुसता दर्शनी भाग राखण्यासाठी लोकांचा पैसा मागण्याचा अधिकार उरत नाही.