चेटकिणीची बाजू

मुलांच्या चित्रपटांत राक्षस हरतो तो प्रेमाने, हे आता जवळपास ठरूनच गेलं आहे. शेवट जवळ आला की नायकाच्या डोळ्यांत पाणी येतं, कुठूनसा उजेड फुटतो आणि समोरचं अक्राळविक्राळ प्रकरण विरघळून जातं. याला भाबडेपणा म्हणून हिणवणं सोपं आहे. खरी अडचण वेगळी आहे. भावना ही काही एकट्या नायकाची मिरास नव्हे. हातात पलिते घेऊन निघालेल्या झुंडीकडेही भावनाच असते: भीती, संताप, लेकराबाळांची काळजी. हेन्री सेलिक यांच्या 'कोरलाइन'मधली (२००९) 'दुसरी आई' तर मायाच लावते. आवडीचं खाऊ घालते, लाड पुरवते आणि मग डोळ्यांच्या जागी बटणं शिवून घे म्हणते. तेव्हा राक्षसाला हरवणारी भावना नेमकी कोणती, हे विचारायलाच हवं.

'कोरलाइन' बनवणाऱ्या 'लायका' स्टुडिओचाच 'पॅरानॉर्मन' (२०१२) या प्रश्नाला थेट भिडतो. सॅम फेल आणि ख्रिस बटलर यांचं दिग्दर्शन, बटलर यांचीच पटकथा. मॅसॅच्युसेट्समधलं ब्लाइद हॉलो हे काल्पनिक गाव चेटकिणीच्या नावावर पोट भरतं. गावात तिचा पुतळा आहे, जिथे तिथे तिची चित्रं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी तिला मृत्युदंड देणाऱ्या सात जणांना तिने शाप दिला, अशी कथा. नॉर्मन या शाळकरी मुलाला मेलेली माणसं दिसतात, म्हणून तो गावाच्या चेष्टेचा विषय. त्याचा विक्षिप्त मामा त्याच्यावर एक काम सोपवतो: दरवर्षी ठरल्या दिवशी चेटकिणीच्या थडग्यापाशी एक पुस्तक वाचायचं, म्हणजे ती उठत नाही.

ते पुस्तक निघतं परीकथेचं. पिढ्यान् पिढ्या तिला गोष्ट सांगून निजवलं गेलं होतं. तिचं म्हणणं ऐकावं असं कुणाला वाटलं नव्हतं. नॉर्मनला तीनशे वर्षांपूर्वीचा तो खटला डोळ्यांसमोर दिसतो, तेव्हा न्यायाधीशांपुढे एक लहान मुलगी उभी असते. तिचं नाव ॲगी. तिलाही मेलेली माणसं दिसत. तेवढाच तिचा गुन्हा.

शेवटी जंगलात ती विजेसारखी कडाडत असते, पायाखालची जमीन फाटत असते. पुस्तकाचा उपयोग संपलेला असतो. मग नॉर्मन तिला तिचीच गोष्ट सांगू लागतो. 'बिचारी' म्हणून तो थांबत नाही. तुझ्यावर अन्याय झाला हे मान्य, पण आज तू त्यांच्यासारखीच झाली आहेस, हेही तो तोंडावर सांगतो. ती त्याला फेकून देते, तो पुन्हा जवळ जातो. अखेर तिला आपली आई आठवते आणि ती शांत होते. नुसत्या कणवेने हे साधलं नसतं; पिढ्यान् पिढ्यांच्या त्या अंगाईत कणवेचा आव होताच. साधतं ते खरं बोलल्याने आणि बोलताना तिच्यासमोरून न हलल्याने.

यावर आक्षेप येईल की, मग न्यायाचं काय? मुलगी शांत झाली आणि तिला मारणारेही सुटले. पण ते सातजण मुर्दे होऊन तेव्हापासून तो शाप भोगत आहेत, आणि आपण घाबरलो होतो अशी कबुली त्यांना द्यावी लागते. चित्रपट त्या भीतीचं कारण देतो, तिला माफी देत नाही. त्याच भीतीपायी आजचं गाव त्याच रात्री नॉर्मनच्या जिवावर उठतं.

या कथेमागे मॅसॅच्युसेट्समधलंच सेलम हे खरं गाव आहे. १६९२-९३ मध्ये तिथे दीडशेहून अधिक जणांवर चेटकाचा आरोप झाला आणि एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. तुरुंगात टाकलेल्यांत डोरोथी गुड ही जेमतेम चार-पाच वर्षांची मुलगी होती. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल यांनी १६९७ मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर उभं राहून आपल्या दोषाची कबुली पाद्रीकडून वाचून घेतली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी कधीच नाही. एलिझाबेथ जॉन्सन या दोषी ठरलेल्या बाईचं नाव अधिकृतपणे निर्दोष व्हायला २०२२ साल उजाडलं, तेही एका शाळेच्या वर्गाने पाठपुरावा केला म्हणून. आजच्या सेलममध्ये पोलिसांच्या बोधचिन्हावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. ब्लाइद हॉलो फार दूर नाही.

आपल्याकडेही बाईला डाकीण ठरवून छळलं जातं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा हवाच. पण कायदा येतो तो बहुधा गावाने निकाल दिल्यानंतर. त्याआधी त्या बाईचं म्हणणं ऐकणारा कुणीतरी गावातच असावा लागतो, आणि तो बहुधा नॉर्मनसारखाच, स्वतः टिंगल सोसलेला असतो.

म्हणून राक्षस भावनेने हरतो हे सूत्र अर्धवट आहे. ज्याला राक्षस म्हटलं त्याची बाजू ऐकायची आणि त्याच्या हातून घडलेलं वाईटही त्याला सांगायचं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करायच्या असतात. प्रेमापेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच ते क्वचित घडतं.