मूठभर पीठ आणि घरातील लेकरू

(वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे १७ : ८–२४, मार्क ९ : ३३–३७)



खेड्यांतील मंडळ्यांच्या भेटीस जाताना पुष्कळ तरुण माता आम्हांस एकच गोष्ट संकोचाने सांगतात. एक लेकरू पाळण्यात, दुसरे पदराला धरून. अशा घरात पाहुण्याला बोलवावे तरी कसे? मुले जरा मोठी होऊ द्या, मग करू आदरसत्कार. उलटपक्षी असेही काही बंधू आहेत की, जे उपासना आटोपताच चार जणांस जेवावयास घरी घेऊन येतात. आणि चुलीपाशी रडणारे तान्हे व पिठाचा रिकामा डबा ही बायकोची बाब समजतात. (हल्ली बहुतेकांच्या खिशात फोन असतो, अगोदर एक शब्द कळविण्यास काय पडते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.) त्या बहिणीस वाटते की अतिथिसेवा आपल्याने होणारच नाही, ह्या बंधूस वाटते की ती आपण केलीच. दोघांनीही थोडा वेळ आमच्याबरोबर सारफथच्या विधवेच्या दारी यावे.

ही बाई इस्राएल लोकांपैकी नव्हे, ती सीदोनाकडची. देशात दुष्काळ पडलेला. वेशीपाशी ती काटक्या वेचीत असता एलीया येतो व पाणी मागतो. ती पाणी आणावयास वळते, तोच तो भाकरीचा तुकडाही मागतो. तेव्हा ती आपली स्थिती लपवीत नाही. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडेसे तेल आहे. दोन काटक्या नेऊन आपल्यासाठी व मुलासाठी शेवटचे शिजवावे, खावे आणि मरावे, एवढेच तिच्या मनात आहे. तिचा हा खरेपणा आम्हांस फार मोठा वाटतो. घरात साखर नाही हे सांगण्याची आपल्याला लाज वाटते; म्हणून आपण शेजारी उसने मागतो, आणि पाहुणा गेल्यावर आठवडाभर ते फेडीत बसतो. त्या विधवेने जे होते ते सांगितले, आणि जे होते त्यातूनच दिले.

पुढचा भाग अवघड आहे, पण तो आम्ही टाळणार नाही. आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी व मुलासाठी, असे एलीया तिला म्हणतो. उपाशी लेकराच्या आईस असे म्हणणे कठोर नव्हे काय? कठोर खरेच, पण त्याचे मागणे एकटे आले नाही. पाऊस पडेपर्यंत मडक्यातील पीठ सरणार नाही व कुपीतील तेल आटणार नाही, असे देवाचे अभिवचन त्याने त्याबरोबरच दिले, आणि तो, ती व तिच्या घरची माणसे पुष्कळ दिवस जेवली. मुलगा उपाशी राहिला नाही. ज्या पाहुण्यापाशी असे अभिवचन नाही, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यापाशी, त्याने घरच्या लेकराच्या आधी जेवण्याचा हक्क सांगू नये.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगतो, परंतु प्रथम आम्हीच चुकलो आहो. एकदा एका खेड्यात उपदेशकाच्या घरी दुपारी उतरलो. बाईंनी गूळपाणी दिले, मग चहा दिला. चहा चांगला दुधाचा होता; आम्ही त्याची वाखाणणी केली व आणखी अर्धा कप मागून घेतला. रात्री पडवीत अंथरुणावर पडलो असता आत धाकटे लेकरू दुधासाठी रडू लागले. आई भाकरी पाण्यात कुस्करून त्याला भरवीत होती आणि आमच्या कानी पडू नये म्हणून हळू आवाजात समजावीत होती. त्या घरी त्या दिवसाचे दूध तेवढेच होते. आम्ही जागे होतो, पण उठून काही बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

सारफथच्या पाहुण्याने निराळे केले. तिचा मुलगा दुखण्यास पडला आणि त्याच्यात प्राण उरला नाही, तेव्हा एलीयाने त्याला आईच्या उराशी होता तेथून आपल्या हाती घेतले, माडीवर नेऊन आपल्याच बिछान्यावर निजविले, देवाचा धावा केला आणि जिवंत मुलगा खाली आणून आईच्या स्वाधीन केला. ज्या घरचे अन्न खाल्ले, त्या घरचे लेकरू उचलून घेणे हे पाहुण्याचे काम आहे. आपल्याकडून मेलेले उठविणे होणार नाही. रडणारे लेकरू घटकाभर खांद्यावर घेणे होईल. आणि बाळ पाहावयास येणाऱ्या पाहुण्याला खोकला असेल, तर त्याने दारातूनच आशीर्वाद द्यावा, हेही प्रीतीचेच काम आहे.

आता कफर्णहूमच्या घरात या. आपल्यात मोठा कोण, ह्याविषयी शिष्यांचा वाटेत वाद झालेला. प्रभूने एक बालक घेऊन त्यांच्यामध्ये उभे केले, त्याला कवटाळले, आणि अशा बालकाला जो माझ्या नावाने स्वीकारतो तो मला स्वीकारतो, अशा अर्थाचे शब्द काढिले. बहिणींनो, हे तुमच्या घरचे बोलणे आहे. मध्यरात्री उठून तान्ह्याला पाजणारी आई त्याच प्रभूला आपल्या घरी घेत आहे. तुमच्या घरी पहिला पाहुणा केव्हाच आला आहे. दारात उभा असलेला दुसरा. त्याला पहिल्याच्या शेजारी बसवावयाचे आहे, पहिल्याला उठवून नव्हे. झोळी टांगलेली असू द्या, अंगणात धूळ असू द्या. पिठले-भाकरी असेल तर पिठले-भाकरी, आणि तेही नसेल तर तांब्याभर पाणी व दोन गोड शब्द.

मुले मात्र सर्व पाहतात. एका बंधूला चांगला कप आणि दुसऱ्या जातीतून आलेल्या बंधूला कान तुटलेला कप, असे आपल्या घरी घडले, तर रविवारच्या शाळेत शिकविलेले सर्व त्या एका कपात बुडून जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीत घागर बुडविता येत नव्हती. पुण्यात १८६८ साली जोतीराव फुले ह्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला. ते ख्रिस्ती झाले नव्हते. आपण झालो आहो. आपल्या घरचा कप तरी मोकळा असावा.

त्या उपदेशकाच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. ह्या खेपेस येण्याचे अगोदर कळविले होते, आणि पिशवीत तुरीची डाळ व गूळ होता. चहा आम्ही कोराच मागितला. बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता तसाच दिला. त्या भाकऱ्या थापावयास बसल्या, उपदेशकाने पाणी भरले आणि धाकटे लेकरू आमच्या मांडीवर आले. त्याने आमचा चष्मा दोन वेळा ओढून काढला. जेवणाच्या वेळी बाई नेहमीप्रमाणे चुलीपाशीच थांबल्या होत्या. उपदेशकाने त्यांचेही ताट मांडले आणि त्या बसेपर्यंत कोणी घास घेतला नाही. पाच वर्षांची थोरली दोन्ही हातांनी तांब्या धरून सर्वांस पाणी वाढीत होती, आणि निम्मे आमच्या ताटात पडत होते.