सांभाळणाऱ्यांच्या बाजूने

लिनक्स कर्नलमध्ये बदल सुचवायचा असेल तर तो साध्या मजकुराच्या ई-मेलमधून पाठवावा लागतो. अटॅचमेंट नको, एचटीएमएल नको. विषयाच्या ओळीत आधी कर्नलचा कुठला भाग ते, मग बदल काय ते. खाली मजकुरात काय केलं यापेक्षा का केलं हे लिहायचं: काय बिघडत होतं, वापरणाऱ्याला त्याचा त्रास कसा होत होता. जुनी चूक दुरुस्त करत असाल तर ती ज्या कमिटमधून (नोंदवलेल्या बदलातून) शिरली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं द्यायची. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून स्वतःचं नाव. एवढं सगळं पाळूनही पहिल्याच फेरीत हा बदल, म्हणजे पॅच, स्वीकारला जाईल याची खात्री नाहीच.

नव्याने येणाऱ्या मुलांना हा सगळा सरकारी कचेरीतला प्रकार वाटतो. आम्ही फुकट काम करून देतोय आणि वर हा थाट कशाला, असं ती विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

त्यातला एकच नियम जवळून पाहू. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, आणि पॅचची मालिका असेल तर त्यातला प्रत्येक पॅच लावल्यानंतर कर्नल बिल्ड झालंच पाहिजे. समजा, नवी आवृत्ती टाकल्यावर कुणाचा तरी लॅपटॉप एकदा झोपला की जागाच होत नाही. दोन आवृत्त्यांच्या मध्ये दहा हजारांहून अधिक कमिट असतात. ‘गिट बायसेक्ट’ वापरून बरोबर मधला कमिट तपासायचा, बिघाड त्याच्या आधीचा की नंतरचा ते पाहायचं, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढायचा. अशा चौदाएक चाचण्यांत गुन्हेगार कमिट सापडतो. पण वाटेतला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर हा शोध तिथेच अडखळतो. आणि सापडलेल्या कमिटमध्ये चार असंबद्ध बदल एकत्र कोंबलेले असतील, तर नेमकं दुखणं कुठलं हे शोधायला पुन्हा सुरुवातीपासून बसावं लागतं. तोवर तो पॅच पाठवणारा बहुधा नोकरी बदलून दुसरीकडे गेलेला असतो. रात्री जागून हे निस्तरणारी व्यक्ती वेगळीच असते.

साइन्ड-ऑफ-बायच्या ओळीलाही इतिहास आहे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, आणि आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये शिरला आहे असा तिचा आरोप होता. कुठली ओळ कुणाकडून आली, ती देण्याचा त्याला अधिकार होता का, हे दाखवता यावं म्हणून २००४ पासून ही ओळ आली. नियम असेच येतात. कुणाला तरी आधी त्रास झालेला असतो.

माझं म्हणणं असं, की योगदानाचे नियम हे मागे राहणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले असतात, आणि तसेच ते असले पाहिजेत. कोड लिहिणारा एक शनिवार-रविवार देतो. तो प्रकल्पात मर्ज करणारा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, पुढची कित्येक वर्षं त्याची जबाबदारी घेतो. स्वयंसेवी प्रकल्पात कोडचा तुटवडा क्वचितच असतो. खरा तुटवडा असतो तो शांतपणे वाचणाऱ्या डोळ्यांचा.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये हे उघडउघड दिसलं. महिन्याभरात चार पुल रिक्वेस्ट (बदलाचे प्रस्ताव) पाठवणाऱ्याला टी-शर्ट, अशी ‘हॅक्टोबरफेस्ट’ची योजना होती. प्रकल्पांच्या रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घालून पाठवलेल्या निरर्थक बदलांचा पूर आला. त्यातले बरेचसे एका भारतीय यूट्यूब चॅनेलवर दाखवलेल्या उदाहरणाची नक्कल होते. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तिथलंच योगदान धरलं जाईल. त्या मुलांना नुसतं फटकारून मला पुढे जाववत नाही. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कोड लिहायला शिकवतात, जर्नल पूर्ण करून घेतात. दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड वाचायला कुणी बसवत नाही. मग रेझ्युमेवर ‘ओपन सोर्स’ ही ओळ हवी म्हटल्यावर मुलं सोपी वाट धरणारच.

वाचणाऱ्यांची ही अडचण एआयने कितीतरी वाढवली आहे. पूर्वी खोटी का होईना, तक्रार लिहायला तास-दोन तास जात. आता ती मिनिटात तयार होते. वाचून खोटी ठरवायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. ‘कर्ल’ या ओपन सोर्स प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग अशा बनावट सुरक्षा-अहवालांविषयी २०२४ पासून कळवळून लिहीत आहेत. जेंटू या लिनक्स वितरणाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये एआयने तयार केलेलं योगदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. सरसकट बंदी कितपत टिकेल याची मला शंका आहे, पण तिच्यामागचा थकवा खरा आहे.

नियम पाळले म्हणजे सगळं सुरक्षित झालं असंही नाही. ‘एक्सझेड’ ही फाइल दाबून लहान करणारी छोटी प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी. २०२१ पासून एक अनोळखी सहभागी तिथे चोख, सभ्य योगदान देऊ लागला. २०२२ मध्ये इतर काही नावांनी, जी बहुधा बनावट होती, काम रखडल्याची ओरड सुरू केली. आपलं मानसिक स्वास्थ्य ठीक नाही आणि हा बिनमोबदल्याचा छंद आहे, असं त्या मेंटेनरने सगळ्यांसमोर लिहिलं. तरी दबाव चालूच राहिला आणि अधिकार त्या अनोळखी सहभागीकडे गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० आवृत्तीतून त्याने चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून मार्चअखेरीस तो चोरदरवाजा सापडला. तिथे कोडच्या नियमांनी माणूस वाचवला नाही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या नियमांत एवढं तरी स्पष्ट असावं: उत्तराला आठवडे लागू शकतात, तगादा लावणं खपवून घेतलं जाणार नाही, आणि आमच्या कामावर धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांनी माणसं किंवा पैसा द्यावा.

उलट बाजूनेही बंधन हवं. लिनक्समध्ये रिव्ह्यूची भाषा वर्षानुवर्षं बोचरी होती. २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी माफी मागितली, काही काळ बाजूला झाले आणि नवी आचारसंहिता आली. लातूरच्या एखाद्या मुलीने धीर करून इंग्रजीत पहिला पॅच पाठवला आणि उत्तरात एका शब्दाचा नकार आला, तर ती परत येणार नाही. नकार द्यायचाच, पण दोन ओळींत कारण सांगून.

आणि कॉलेजांनी सुरुवात नवा कोड लिहिण्यापासून करूच नये. कर्नलमध्ये दुसऱ्याचा पॅच स्वतःच्या मशीनवर चालवून पाहणाऱ्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ अशी वेगळी ओळ आहे. तिथे नाव नोंदवण्याइतकं काम करायचं तर पॅच समजून घ्यावा लागतो, बिघाड मुद्दाम घडवून पाहावा लागतो, काय दिसलं ते नेमकं लिहावं लागतं. एका सत्राचं प्रॅक्टिकल म्हणून एवढं पुरेसं आहे, आणि मेंटेनरला नेमकी हीच मदत हवी असते.