म्हाताऱ्यांना कळेल असं

बोरगावात कितीतरी घरांत सकाळी असं घडतं. कारखान्याच्या पाळीला निघायची घाई असते आणि हाती बँकेचा किंवा दवाखान्याचा हिंदीतला कागद असतो. आजी विचारते, "काय लिहिलं रे बाबू?" चपला घालता घालता आपण म्हणतो, "काही नाही, असंच." आजी गप्प होते. खरं तर तिला सगळं कळलं असतं. घरच्या बोलीत सांगायला दोन मिनिटं लागली असती, एवढंच.

आपल्याकडून वरुड-मोर्शीच्या बाजूला गेलं की रिद्धपूर लागतं. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान. 13 व्या शतकात चक्रधरस्वामींनी भिक्षेवर जगणाऱ्या विरक्तांचा संघ उभा केला. त्यात बायकांनाही संन्यास घेता येई, आणि निरूपण चाले ते मराठीत. स्वामींच्या मागे नागदेवाचार्यांनी हा संघ सांभाळला. त्यांचे शिष्य केशिराज संस्कृतचे पंडित. त्यांनी संस्कृतात लिहायचं मनात आणलं, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं. तसं झालं तर आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात नोंदलेली आहे. एवढ्या मोठ्या आचार्याला आधी म्हाताऱ्या आठवल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

विद्वानाने असं आपली विद्या बाजूला ठेवणं दुसरीकडेही दिसतं. त्याच्याही आधी, 1034 च्या सुमारास, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत हर्लुइन नावाच्या योद्ध्याने शस्त्र सोडून बेकचा मठ स्थापला. त्याने चाळिशीच्या आसपास अक्षरं गिरवली. या अल्पशिक्षित माणसाच्या हाताखाली इटलीचा नामवंत विद्वान लॅनफ्रँक साधू होऊन राहिला. एकदा वाचताना त्याचा बरोबर उच्चार वरिष्ठाने चुकीचा ठरवला. वाद न घालता त्याने सांगितलं तसं वाचलं, असं त्याच्या चरित्रात आहे. तिथे आपलं शहाणपण दाखवायची त्याला गरज वाटली नाही.

चक्रधरस्वामींच्या शिष्यांत महादाइसा होती. सतत प्रश्न विचारणारी. स्वामी तिला समजेल असं सांगत राहिले. पुढे तिनेच 'धवळे' रचले, आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. आज घरात कुणी तीच गोष्ट पुन्हा विचारली, तर मघापेक्षा थोडी सोपी करून सांगू या. त्यावर आणखी एक प्रश्न आला, तर तोही नीट ऐकू या.